मातीचं पेव

एप्रिलची खरड छाटणी उरकून महिना झाला, हिरव्या फुटी मंडपाच्या तारेला लागल्या, की सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार सकाळी एक काम न चुकता करतो. ड्रीपरपासून वीतभर अंतरावर बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा, उकरतो, खालची माती मुठीत घेतो आणि दाबतो. मुठीत लाडू वळला आणि अंगठ्याने टोचल्यावर भुसभुशीत फुटला, तर बागेला वाफसा आहे. लाडू चिकट राहिला, बोटांना माती लागली, तर पाणी बंद. लाडूच वळला नाही, तर मोटर चालू.

वाफसा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मृदाशास्त्राचं एक अख्खं प्रकरण त्यात मावलं आहे. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांपैकी साधारण निम्म्यांत पाणी आणि निम्म्यांत हवा असली की वाफसा झाला. पांढऱ्या मुळीला पाणी हवं असतं आणि श्वासही घ्यायचा असतो, आणि या दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी याच अवस्थेत मिळतात. मातीतल्या जिवाणूंचंही तसंच. शेणखत, पालापाचोळा, मेलेल्या मुळ्या यांतलं नत्र, स्फुरद, गंधक सोडवून झाडाच्या तोंडाशी आणून ठेवणारे तेच. वाफसा मोडला की त्यांचं काम एक तर थांबतं, नाही तर भलतीकडे वळतं.

हवामान बदल म्हटलं की द्राक्षपट्ट्यात बोलणं सुरू होतं ते अवकाळी, गारपीट आणि डावणी या बुरशीरोगावर. हे नुकसान डोळ्यांना दिसतं, पंचनाम्यात येतं. मला काळजी वाटते ती पंचनाम्यात न येणाऱ्या नुकसानीची. वाढलेली उष्णता, पावसाचे सरकलेले महिने आणि हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड यांनी मातीतल्या अन्नद्रव्यांचं वेळापत्रकच विस्कटायला घेतलं आहे. माती अन्न सोडते तेव्हा वेलीला ते नको असतं. वेलीला हवं असतं तेव्हा मातीत ते शिल्लक नसतं, किंवा असूनही तिला देता येत नाही.

मुळात मातीजवळ किती असतं, ते आधी पाहू. एक एकर रानाच्या वरच्या सहा इंच थराचं वजन साधारण ८ लाख किलो भरतं. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे एकरी ४,००० किलो कर्ब. पूर्ण कुजून स्थिरावलेल्या सेंद्रिय पदार्थात दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं. त्या हिशेबाने एकरात साडेतीनशे-चारशे किलो नत्र साठलेलं आहे. ऐकायला ही रक्कम मोठी आहे. पण जिवाणू दर वर्षी त्यातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग मोकळा करतात, म्हणजे एकरी आठ-दहा किलो. बाकीचं पुढच्या वर्षांसाठी आत राहतं.

आत राहतं म्हणजे कुठे राहतं? हे समजून घ्यायला सांगलीकरांना लांब जायला नको. कृष्णाकाठच्या हरिपुरात हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. कारण साधं आहे. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही आणि बुरशी वाढत नाही. गावोगावची ज्वारीही अशाच पेवांत राहायची. मातीतला सेंद्रिय कर्ब अगदी असाच टिकलेला असतो. चिकणमातीच्या बारीक कणांनी त्याला लपेटून, गोळी करून आत कोंडलेलं असतं. तिथे हवा पोचत नाही, जिवाणू पोचत नाही. पेवाचं तोंड वारंवार उघडलं की माल खराब होतो. कडक ऊन, मग धो धो पाऊस, पुन्हा ऊन, अशा ओल्या-सुक्याच्या फेऱ्यांनी, आणि रोटाव्हेटरच्या पात्यांनीही, मातीच्या या गोळ्या फुटतात आणि आतला माल जिवाणूंच्या पुढ्यात येतो. २००५च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद सडली, ते लोकांनी पाहिलं. मातीतलं पेव फुटतं तेव्हा पाहणारं कोणी नसतं.

उष्णतेने हा खर्च आणखी वाढतो. पाणी आणि हवा पुरेशी असेल तर तापमान दहा अंशांनी वाढल्यावर कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. एका अंशाला तो सात टक्क्यांच्या आसपास पडतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळाशी तुलना करता २०२४ हे वर्ष जगभराच्या सरासरीने सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण गेलं. पेवातून काढणं असं वाढत चाललं आणि भरणं मात्र कमी झालं. ट्रॅक्टर आला तसे गोठ्यातले बैल गेले, गावात शेणखत मिळेना, ते लांबून ट्रॉलीने विकत आणावं लागू लागलं. बेदाण्याचा भाव पडलेल्या वर्षी पहिली कात्री लागते ती शेणखतालाच.

आता पावसाच्या महिन्यांकडे येऊ. माझ्या दृष्टीने खरी मेख इथे आहे.

आपल्या जुन्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. उन्हाळ्यात नांगरून तापवलेल्या रानावर मृगाचा पहिला पाऊस पडला, की त्या ओलीवर पेरलेलं पीक काही औरच येतं. यामागचं कारण पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली मांडलं. कडक वाळलेल्या मातीत असंख्य जिवाणू मरून पडलेले असतात, मातीच्या गोळ्या तडकलेल्या असतात. पाणी पडताच उरलेले जिवाणू या आयत्या अन्नावर तुटून पडतात आणि काही दिवसांतच नत्राचा एक लोंढा मातीत सुटतो. मृद्गंध दरवळत असतो त्याच दिवसांत जमिनीखाली ही धांदल चाललेली असते. पेरलेली ज्वारी किंवा बाजरी त्या लोंढ्यावर कोवळ्या वयात ताव मारते. पेरणीची वेळ आणि मातीची सोडण्याची वेळ जुळवण्याचं हे शहाणपण शेकडो वर्षांच्या निरीक्षणातून आलेलं होतं.

द्राक्षवेलीचं गणित वेगळं आहे. तिच्या दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी फळाची. पण ऑक्टोबरनंतर जो घड बाहेर दिसतो, त्याचा निर्णय मे महिन्यातच होऊन गेलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घडाचा सूक्ष्म अंकुर धरायचा की नाही, हे वेल ठरवते. त्या काळात डोळ्यावर लख्ख ऊन पडायला हवं, वाढीचा जोर आवरलेला हवा, आणि नत्र कमी हवं. म्हणून बागायतदार त्या दिवसांत युरिया आणि बारा-एकसष्ट बंद करतो, झिरो-बावन्न-चौतीस आणि झिरो-झिरो-पन्नास या नत्र नसलेल्या खतांवर येतो, शेंडा मारतो, वाढरोधक फवारतो. वेलीला नत्र जास्त झालं तर ती पानांच्या मागे लागते आणि घडाच्या जागी नुसती बाळी (तणावा) निघते.

२०२५च्या मे महिन्यात काय झालं ते आठवा. मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला. तिथल्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याच्या आधीपासूनच पश्चिम महाराष्ट्रात पूर्वमोसमी पाऊस झोडपत होता. आभाळ दिवसचे दिवस भरलेलं. डोळ्याला ऊन मिळेना, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. पण त्याच दिवसांत मार्च-एप्रिलच्या उन्हात तापलेल्या, नुकतंच शेणखत भरलेल्या बोदांवर पाणी पडलं होतं. बर्चने सांगितलेला लोंढा सुटायला यापेक्षा चांगली स्थिती ती कोणती? बागायतदाराने पिशवीतलं नत्र थांबवलं, पण मातीला कोण थांबवणार? फुटी पळत सुटल्या, दोनदोनदा शेंडे मारूनही आवरेनात, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर अनेक बागांत घड कमी निघाले. त्यात ढगांचा वाटा किती आणि मातीतल्या नत्राचा किती, हे एकेका बागेत वेगळं काढून दाखवणं सोपं नाही, आणि ऊन हे पहिलं कारण आहे हे मी मान्य करतो. तरीही घड का जिरले याची चर्चा आभाळापाशीच संपते, बोदापर्यंत येत नाही, याचं मला वाईट वाटतं. आभाळावर आपला इलाज नाही. बोदावर थोडा का होईना, आहे.

जास्त पावसाचं दुसरं टोक म्हणजे तुंबलेलं रान. २०१९ साली सांगली जिल्ह्याने एकाच वर्षात सगळं पाहिलं. उन्हाळ्यात पूर्व भागात टँकर, ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात न थांबणारा परतीचा पाऊस. माती पाण्याने गच्च भरली की तिच्यातला प्राणवायू जिवाणू आणि मुळ्या मिळून बघता बघता संपवतात. मग काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. त्यातून नत्र वायूरूपाने हवेत निघून जातं. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, आणि हा वायू किलोला किलो तोलला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. बदललेल्या हवामानाने रान तुंबवलं आणि तुंबलेल्या रानाने हवामान आणखी तापवायला हातभार लावला, असं हे रहाटगाडगं आहे. जे नायट्रेट हवेत जात नाही ते पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतं. बागायतदाराचे पैसे दोन्हीकडून जातात.

याच तुंबलेल्या रानात एक नवल घडतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या आपल्या मातीत लोहाला तोटा नाही. एकरी हजारो किलो निघेल. तरी वेल लोहावाचून उपाशी राहते. कारण चुनखडी. सावळज, मणेराजुरीच्या बाजूला रान जरा खोल खणलं की पांढरे खडे लागतात. सामू आठच्या वर असलेल्या अशा मातीत लोह गंजून घट्ट बसलेलं असतं, विरघळत नाही. वाफसा असेल तेव्हा मुळी थोडं आम्ल सोडून आपल्यापुरतं लोह मिळवते. पण पाणी साचलं की मुळ्यांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वर निसटू शकत नाही. तो पाण्यात विरघळतो, चुनखडीला खातो आणि बायकार्बोनेट तयार होतं. मुळीने सोडलेलं आम्ल हे बायकार्बोनेट जागच्या जागी मारून टाकतं. बोअरच्या पाण्यात तर ते आधीच असतं. मग बागायतदार हिराकस आणतो आणि पानांवर फवारतो. आठवडाभर हिरवाई येते, नवी पानं पुन्हा पिवळी निघतात. दुखणं पानात नाही, मोडलेल्या वाफशात आहे, म्हणून फवारा तात्पुरता ठरतो. चर मोकळे करून, बोद उंच करून पाणी काढलं की पुष्कळदा पुढची पानं न फवारताच हिरवी येतात.

कोरड्या वर्षाचा त्रास वेगळा. पालाश मुळीपर्यंत येतो तो कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून, हळूहळू सरकत. माती सुकली की ही वाटच तुटते. मण्यात पाणी उतरतं तेव्हा वेलीला सर्वाधिक ओढ पालाशाची असते, कारण साखर मण्यात नेण्याच्या कामी तो लागतो, आणि बेदाण्याला गोडी हवी तर मण्यात साखर हवी. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या बेदाण्याची प्रत अशी मातीतल्या ओलीच्या एका पापुद्र्यावर टेकलेली आहे. शिवाय हा पालाश आपल्या देशात जवळजवळ पिकतच नाही. कॅनडा, रशिया, बेलारूसमधून येतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तासगावच्या खतदुकानात पोत्याचा भाव का चढला, याचं उत्तर तिथे होतं.

तालुक्याने बदलत्या परिस्थितीशी याआधीही झुंज दिली आहे. थॉम्पसन सीडलेसमधून वेगळी वेल हेरून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश हे वाण दिलं. बोअर खोल गेले, पाणी खारं झालं, तेव्हा १९९०च्या दशकापासून बागा डॉगरिज खुंटावर गेल्या. डॉगरिज ही मूळची अमेरिकेतल्या टेक्सासच्या चुनखडीच्या मुलखातली रानवेल. पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारी. ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या योजनांनी कोरड्या भागात कृष्णेचं पाणी आलं. ते यायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण पाण्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वाळवा, मिरज, शिरोळकडच्या क्षारपड रानांनी ते आधीच दाखवलं आहे. सोडियम वाढला की काळ्या मातीच्या गोळ्या विरघळतात, माती दगडासारखी आवळते, आणि वाफसा येणंच अवघड होतं.

कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा उरला. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आज ४२०च्या वर आहे. झाडांचं हे अन्नच, मग वाढलं तर बरंच की, असं कोणी म्हणेल. वाढ होते हे खरं आहे. पण कर्ब भरपूर आणि मातीतून येणारी द्रव्यं तेवढीच, म्हणून धान्य भरतं ते पिठुळ. २०१४ साली नेचर या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, हवेत ५५० भाग कार्बन डायऑक्साइड ठेवून वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिनं ६ टक्के कमी भरली. ज्वारीला मात्र याची फारशी झळ लागली नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधीच एकवटून घेण्याची सोय असते, म्हणून हवेत तो वाढला तरी त्यांना विशेष फरक पडत नाही. चुनखडीच्या जमिनीत जस्त आधीच जखडलेलं, त्यात गव्हातली ही घट. अशा वेळी शाळूचं रान मोडून टाकण्यापूर्वी आणि ताटातली भाकरी काढून टाकण्यापूर्वी प्रत्येक घराने थोडा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी पेव भरायचं. दर एप्रिलला छाटणीच्या काड्या बांधावर नेऊन पेटवल्या जातात. एका काडीत वर्षभराचा कर्ब आणि पालाश असतो. पेटवली की कर्ब धुरात जातो. या काड्या बारीक करून बोदावरच पसराव्यात. रोगट असतील तर आधी खड्ड्यात चांगल्या कुजवून घ्याव्यात. ताज्या काड्या मातीत गाडल्या तर कुजताना जिवाणू आजूबाजूचं नत्र स्वतःसाठी ओढतात, म्हणून गाडणी नको, वर पसरणंच बरं. उसाचं पाचटही तसंच वापरता येतं. झाकलेल्या बोदाची माती उन्हात तापत नाही, ओल्या-सुक्याचे झटके सौम्य होतात, आणि मेमध्ये अचानक पाऊस आला तर नत्राचा लोंढाही आवरता राहतो. शेणखत छाटणीच्या तोंडावर एकदम भरण्यापेक्षा चांगलं कुजवून, आधी भरलं तर तोही धोका कमी होतो.

दुसरं काम देठाचं. माती परीक्षण सांगतं की घरात काय साठलं आहे. वेलीच्या पोटात काय गेलं ते देठ सांगतं. खरड छाटणीनंतर सुमारे ४५व्या दिवशी पाचव्या पानाचा देठ, आणि फळछाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना घडासमोरच्या पानाचा देठ, असे नमुने घ्यायचे असतात. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून उभं आहे, आणि देठातल्या अन्नद्रव्यांची प्रमाणं आपल्या बागांसाठी बसवण्याचं काम शास्त्रज्ञांनी केलेलं आहे. छापील वेळापत्रकातल्या खताच्या तारखा सरासरी पावसाच्या आहेत, आणि सरासरी पाऊस आता वर्षागणिक दुर्मीळ होतो आहे. मेमध्ये पाऊस झाला असेल तर वेळापत्रकातला नत्राचा पुढचा हप्ता देण्याआधी देठ तपासावा. अहवाल सांगेल तेवढंच द्यावं.

शेवटी बागायतदारांना एक विनंती. निर्यातीच्या बागांसाठी तुम्ही फवारणीच्या नोंदी ठेवताच. त्याच वहीत पाऊस कोणत्या तारखेला किती मिलिमीटर पडला, वाफसा किती दिवसांनी आला, पानं कधी पिवळी पडली, देठाचा अहवाल काय आला आणि झाडावर घड किती निघाले, एवढं लिहीत चला. तासगावच्या घराघरांत माळ्यावर अशा वह्या पडून आहेत. काही वडिलांच्या हातच्या, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या. या मातीचं वेळापत्रक कसं बदललं ते इतक्या बारकाईने दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. त्या वह्या रद्दीत घालू नका.